आयरनीचं उदाहरण

आयरनी म्हणलं की मला अजून खडी दिसते. हसू नका, आधी ऐका.

बहात्तरच्या दुष्काळात मी अन् माझा वर्गमित्र गौतम मुरूम गावाजवळ रस्त्याच्या कामावर खडी फोडत होतो. दोघांनीही कॉलेजात इंग्रजी घेतलेलं. पुस्तक एकच, तेही त्याचं. हातोडा चालवता चालवता तो मला शिकवायचा. न फुटणाऱ्या धोंड्याला तो एपिक म्हणायचा अन् मापात बसलेल्या खडीला सॉनेट.

"अन् आयरनी रं?"

"घडायला पायजे एक, अन् घडतं नेमकं उलटं. बघणाऱ्याला आधी हसू येतं, मग लई वाईट वाटतं."

सहामाहीच्या आदल्या दिवशी मुकादमानं बजावलं, "खाडा केला तर नाव कापीन." माझ्या जागी माझा भाऊ बसला. गौतमच्या घरी बदली बसायला कुणीच नव्हतं. तो खडीवर राहिला, मी पेपरला गेलो.

प्रश्न आला: आयरनी म्हणजे काय ते उदाहरणासह लिहा. मी लिहिलं, "ज्यानं मला आयरनी शिकवली तो आत्ता खडी फोडतोय, अन् मी पेपर लिहितोय."

पेपर तपासून आला. त्या उत्तराला शून्य, अन् खाली लाल शाईत सरांचा शेरा: "उदाहरण पुस्तकातलं हवं."

गौतम पुढं कॉलेजात आलाच नाही. तो शेरा मी त्याला खडीवर जाऊन दाखवला. वाचून हसला, अन् हातोडा उचलत म्हणाला,

"सरांचं बरोबर हाय गड्या. आपलं नाव हजेरीवर हाय. पुस्तकात कुठं हाय?"