हॉलमधला टीव्ही मिळणेबाबत

विषय: नव्या जपानी रोल-प्लेइंग व्हिडिओ गेमसाठी हॉलमधला टीव्ही रोज दुपारी दोन तास मिळणेबाबत.

आता ऐका. या गेमचा मागचा भाग आमच्या आयटीतल्या जावयाने अर्ध्यात सोडला. मी, निवृत्त कारकुनाने, तो शेवटपर्यंत खेळून संपवला. म्हणून येणाऱ्या भागाचे अपेक्षित गुणदोष लिहून बायकोकडे रीतसर अर्ज केला. मालिकेवरची नजर न हटवता तिने विचारलं, "गुण काय?"

"लढाई पाळीपाळीने चालते. आपला विचार पुरा होईपर्यंत शत्रू हात उगारत नाही."

"आणि दोष?"

"जग वाचवायला निघालेल्या माणसाला गावकरी हरवलेली मांजरं शोधायला लावतात. नव्या भागातही लावतीलच."

"आणि तो शोधतो?"

"मी एकूण एक शोधली," मी अभिमानाने सांगितलं.

"अहो, मग गिरणीतून दळण आणा."

दळण आणलं. अर्ज अद्याप प्रलंबित आहे.