भंगारवाल्याच्या काट्यावर मी

हसू नका, पण भंगारवाल्याच्या काट्यावर मालाआधी स्वतः उभं राहायचं, ही माझी जुनी सवय. परवा रावेरला जळालेली मोटर आणि गंजके पाईप विकायला नेले. दुकानदार म्हणाला, "ठेवा माल."

"थांब, आधी मी."

सकाळीच दवाखान्यात माझं वजन बहात्तर किलो भरलं होतं. याच्या काट्यावर चौसष्ट!

"माझे आठ किलो कुठे गेले रे?" मी ओरडलो.

गडी जरासुद्धा चपापला नाही. उलट काळजीनं म्हणाला, "नाना, तुमी भलता बारीक व्हई गयात. शुगर तपासी ल्या."

"चोर लेकाचा!" म्हणत मी माल परत टेम्पोत चढवला. पण खरं सांगतो, घरी जायच्या आधी पुन्हा दवाखान्यात जाऊन वजन करून आलो.