दोन काचांमधला अंगठा

आरशासाठी काचवाल्याकडे रांगेत उभा होतो. पुढे दोघी जावा. धाकटी तणतणत होती.

“खिडकीच्या दुहेरी काचेत पुन्हा धुकं धरलंय, जाऊबाई. मेल्यानं नवी म्हणून जुनीच जोडून दिली. आज चार माणसांत त्याचं पितळ उघडं पाडते.”

“जुनी कशावरून?”

“दोन काचांच्या मधे अंगठ्याचा ठसा आहे. दोन्हीकडून पुसला, जात नाही.”

“नवी जोडताना उमटला असेल.”

“ठशात आडवा व्रण उमटलाय, म्हणजे जोडणाऱ्याच्या अंगठ्यावर असणार. आता बघतेच त्याचा हात.”

“व्रण? आपल्या भाऊजींच्या अंगठ्यावर आहे तसा?”

“अगदी तसाच की!”

“काच दुकानात कोण घेऊन गेलं होतं गं?”

“हेच, नव्या काचेचे पैसे घेऊन. परत आले तेव्हा बोटांना सगळा काच जोडायचा चिकटा होता.”

“बोला ताई, काय तक्रार?” काचवाल्यानं विचारलं.

“तक्रार कसली, दादा! नवी काच हवी. बसवायला तुम्हीच या. ह्यांच्या हाती देऊ नका.”