खिळवायचा मंत्र

(१९९८. नगरजवळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजची तळमजल्यावरची कॉम्प्युटर लॅब. दुपारचे पावणेदोन. केदार शेवटच्या वर्षाला, शुभांगी दुसऱ्या. केदारनं लिहिलेला, नुसत्या टाइप केलेल्या शब्दांवर चालणारा लढाईचा गेम खालच्या आणि वरच्या लॅबमधून पाच-पाच जणांच्या टीम खेळतात.)

केदार : मॅच तीनला आहे, शुभांगी. आत्ता नियम बदलला तर वरच्या लॅबमधले काय म्हणतील?

शुभांगी : म्हणू द्या, सर. गेम तुम्ही लिहिलाय.

केदार : म्हणूनच. सुमंत माझा रूम पार्टनर. शनिवारी पहिला डाव त्याची टीम जिंकली. आज मी मंत्र कमी केला तर तो म्हणेल, ज्युनिअर मुलगी रडत आली आणि हा विरघळला.

शुभांगी : मी रडत न्हाई आले.

केदार : तसं नाही म्हणायचं मला. हे बघ, खिळवायचा मंत्र दहा सेकंदांचा आहे आणि सगळ्यांना सारखा आहे. तो नसला तर किल्ल्याच्या दारात चार तलवारवाले आल्यावर मांत्रिकानं काय करायचं?

शुभांगी : ते पटतंय मला. पहिल्या आठवड्यात मीच तिघांना दारात खिळवून धरलं हुतं. लई मजा आली हुती. मंत्र काढा असं मी म्हणतच न्हाई.

केदार : मग?

शुभांगी : शनिवारी काय झालं ते तुम्हाला कुणी सांगितलं?

केदार : सुमंतनं. तुमचे तिघं लवकर मेले, तू विहिरीपाशी अडकलीस आणि प्रवीण दारात एकटा पडला.

शुभांगी : अडकले न्हाई. त्यांच्या पाचातले तिघं मांत्रिक झाले हुते. एकाचे दहा सेकंद संपले की दुसरा, मग तिसरा. तवर पहिल्याचा मंत्र परत तयार. एकोणीस मिनिटं मी तिथंच उभी. घड्याळ बघत हुते, दुसरं काय करणार?

केदार : एकोणीस?

शुभांगी : दाराची चावी माझ्याकडं, आणि प्रवीण दारात दोघांशी लढतोय. तो वरच्या लॅबमध्ये, मी खाली. त्याची एकेक ओळ माझ्या स्क्रीनवर येतीय. चावी आण. कुठं हायेस. ये ना. मी सगळं वाचत हुते, सर. उत्तर देता येत न्हवतं. खुर्ची सोडली तर आउट, हा बी तुमचाच नियम.

केदार : नंतर सांगितलं नाहीस त्याला?

शुभांगी : गेले सांगायला. कँटीनमध्ये सगळ्यांसमोर म्हणाला, एकोणीस मिनिटं तोंड उघडलं न्हाई, आता कशाला उघडतीस. पाथर्डीच्या गाडीत मागं जाऊन बसला. आमची घरं एका गल्लीत हायेत. चार दिवस झाले, बोलत न्हाई.

केदार : मी सांगतो त्याला.

शुभांगी : काय सांगणार? तुम्हाला कधी कुणी खिळवलंय?

केदार : मला मंत्र लागत नाही. मालक आहे ना मी.

शुभांगी : मग बसा हितं. माझ्या नावानं आत जा. वर सुमंतसरांची पोरं प्रॅक्टिस करतायत.

केदार : आत्ता?

शुभांगी : बसा, सर.

केदार : बरं. आलो आत. विहिरीपाशी जातो. आले बघ तिघं. हां, खिळवलं.

शुभांगी : उत्तरेला जा.

केदार : दहा सेकंद तरी होऊ दे. नऊ, दहा. अरे, दुसऱ्यानं टाकला.

शुभांगी : आता जा.

केदार : टाइप करतोय मी. अक्षरच उमटत नाही.

शुभांगी : कीबोर्ड आपटू नका. मी आपटून बघितलाय.

केदार : किती वेळ झाला?

शुभांगी : दोन मिनिटं बी न्हाई.

केदार : थांब, प्रवीण आत आलाय. लिहितोय काहीतरी. ‘शुभांगी, आहेस का?’

शुभांगी : हो लिहा.

केदार : कसं लिहू?

शुभांगी : सर, नुसतं हो लिहा.

केदार : उमटत नाही. ‘शनिवारी मी जरा जास्तच बोललो.’

शुभांगी : तुमच्या मशीनवरनं लिहा.

केदार : ते बंद आहे, चालू व्हायला वेळ लागेल. ‘बोलायचं नसेल तर राहू दे.’

शुभांगी : मग?

केदार : गेला.

शुभांगी : तुम्ही तरी काय करणार.

केदार : लिहिताना सोपं पडलं म्हणून केलं होतं गं. खिळला की कीबोर्डच काढून घ्यायचा. एका ओळीत काम झालं. मंत्रानं पाय धरायचे होते, तोंड नाही. माझ्या लक्षातच आलं नाही.

आसाराम मामा (लॅबचे शिपाई, दारातून) : केदारभाऊ, वर त्यो प्रवीण म्हन्तोय, त्याचं नाव मॅचमधनं काढा. पाथर्डीच्या गाडीनं चाललाय.

केदार : मामा, त्याला दहा मिनिटं थांबवा. मी सांगितलंय म्हणा. आणि सगळ्यांना म्हणावं गेममधून बाहेर पडा, मी बंद करून परत चालू करतोय.

आसाराम मामा : सुमंतभाऊ इचारत्याल कशापायी.

केदार : चूक दुरुस्त करतोय म्हणा. माझी.

आसाराम मामा : बरं. त्या पोराला माझ्या स्टुलावर बसवून ठिवतो, न्हाईतर पळंल.

केदार : शुभांगी, माझं मशीन चालू झालं, इकडे ये. दहा सेकंद तसेच ठेवतो. पण एकदा सुटला की पुढचं एक मिनिट त्याला कुणीच खिळवू शकणार नाही.

शुभांगी : एक मिनिट लई होतं. मग मांत्रिकाला कुणी भिणारच न्हाई. वीस सेकंद करा.

केदार : तुझ्याच विरुद्ध जाईल ते.

शुभांगी : जाऊ द्या. वीस सेकंदांत दारापर्यंत पळता येतं.

केदार : वीस. आणि खिळला तरी बोलता येईल. शनिवारचा डाव मात्र गेला. तेव्हा नियम तोच होता, तो मी परत देऊ शकत नाही.

शुभांगी : मी मागितलाच न्हाई.

केदार : झालं. चालू केला गेम. मी माझ्या मशीनवरून तुला खिळवून बघतो. तयार?

शुभांगी : टाका.

केदार : टाकला. हलून बघ.

शुभांगी : हलता येत न्हाई.

केदार : आता लिही.

शुभांगी : काय लिहू?

केदार : काहीही. प्रवीण आत आलाय, मामांनी बसवलं वाटतं मशीनवर.

शुभांगी : ‘प्रवीण, मी विहिरीपाशी. खिळवलंय. शनिवारी पण असंच हुतं, बोलता येत न्हवतं.’ उमटलं, सर.

केदार : दिसलं मला. त्यालाही दिसलं असेल.

शुभांगी : दारातच उभा हाय तो.

केदार : थांब जरा.

शुभांगी : ‘एकोणीस मिनिटं?’ विचारतोय.

केदार : सांग.

शुभांगी : ‘हो.’

केदार : काय म्हणाला?

शुभांगी : दारातनं निघालाय. विहिरीकडं.

केदार : शुभांगी, दहा सेकंद कधीच संपले. तुला हलता येईल आता.

शुभांगी : असू द्या. तो येतोय.