रासलसिंगचं मुंडन

(दिग्रसजवळचा एक बंजारा तांडा, २००६. दारात एक गोरा, साठीकडे झुकलेला माणूस. समोर ममता; आत तिची सासू, म्हणजे तिची ‘याडी’, मानीबाई.)

ममता : किती वेळा सांगू साहेब, आमच्या घरी कोणी आत्महत्या केली नाही. कापसाचे भाव पडल्यापासून गाडीवर गाडी येऊन राह्यली. एक फोटो काढते, एक फारम भरते.

रसेल : फारम नाही, बाई. मी मानीबाईले भेटाले आलो.

ममता : माय वं! हे तं आपल्यावानी बोलते.

मानीबाई : कोण हाय वं, ममता?

ममता : याडी, एक गोरा साहेब तुमचं नाव घेऊन राह्यला.

रसेल : भाबी, मी रसेल. दुष्काळात विहिरीच्या कामावर आलतो.

मानीबाई : रासलसिंग? अन् हे टक्कल कुठून आणलं रे? ममता, पाह्य वं, हा अमेरिकेचा. तुह्या नवऱ्याचा पाळणा यानं हलवला. तवा याचे केस पाठीवर होते. आम्हाले वाटे, यानं कोणता तरी मोठा नवस बोलला.

रसेल : नवस नाही, भाबी. तवा अमेरिकेत सगळे पोट्टे केस वाढवत. सरकारले लढाई नको म्हणून सांगाले. अन् बापाले राग यावा म्हणून.

ममता : बापाले आला का राग?

रसेल : लय आला. भाबी, धरमसिंग भिया कुठं हाय?

मानीबाई : सहा वर्सं झाले रे जाऊन. झोपेतच गेला. कोणाले तरास नाही देल्ला.

रसेल : मले उशीर झाला. एक गोष्ट त्याले सांगायची होती. आता तुम्हाले सांगतो. तुमी रागवाल.

मानीबाई : आधी जेव.

रसेल : आधी सांगतो. नाही तं पुन्हा राहून जाईन. मी रेडिओ ऐकून रडलो, तो दिवस आठवते?

मानीबाई : आठवते न! तुहा बाप मेल्याची खबर आलती. शाळेच्या ओट्यावर लेकरावानी रडून राह्यला होता. मी पिठलं-भाकर आणली, सुतकातला कडू घास. भियानं दिग्रसहून नागोराव न्हाव्याले आणलं अन् तुहं मुंडन केलं.

रसेल : माहा बाप मेला नव्हता, भाबी.

मानीबाई : काय म्हणतं?

रसेल : रेडिओवर आमच्या अध्यक्षानं खुर्ची सोडल्याची बातमी होती. भानगडीत सापडला, म्हणून गेला. तुमी विचारलं, कोण गेलं? मी म्हटलं, बुढा गेला.

ममता : अन् इकडं बुढा म्हणजे बाप!

रसेल : मी शिकलतो, बुढा म्हणजे म्हातारा माणूस. न्हावी वस्तरा घेऊन आला, तवा मले समजलं.

ममता : मंग तवाच सांगाव नाही का?

रसेल : सगळा तांडा कामाचा खाडा करून माह्याजवळ बसलता. कोणत्या तोंडानं सांगू?

मानीबाई : जित्या बापाचा कडू घास खाल्ला तू? अरे, तुह्या भियानं दर दिवाळीले तुह्या बापाच्या नावानं धबुकार टाकला. आमच्या पितरायसंग त्याचं नाव घेऊन विस्तवात लापशी टाकली. तो गेल्यावर मी टाकून राह्यलो. अन् बाप जिता?

रसेल : अजून अकरा वर्सं जगला.

मानीबाई : अकरा वर्सं जित्या माणसाले लापशी चारली आम्ही!

ममता : म्हणूनच जगले असतीन, याडी.

मानीबाई : तू चूप बस वं. रासलसिंग, एका खुर्चीवाल्यासाठी रडला तू?

रसेल : त्याच्यासाठी नाही. व्हिएतनामच्या लढाईत माहा लहाना भाऊ मेला. एकोणीस वर्साचा होता. बाप म्हणे, देशासाठी मेला. मी म्हटलं, फुकट मेला. मयताच्या दिवशीच आम्ही भांडलो. मी रडलो नाही, जेवलो नाही, घर सोडून देल्लं. चार वर्सं बापाशी बोललो नाही. तो लढाईवाला अध्यक्ष पडला तवा वाटलं, आता मले आनंद होईन. तं रडूच आलं. थांबेच ना.

ममता : अन् कोणाले सांगतलं बी नाही.

रसेल : कोणी विचारलंच नाही, बाई. कसा मेला, काहून मेला, काहीच नाही. भिया बाजूले बसला अन् त्यानं एक घास माह्या तोंडात घातला. भाबी, त्या घासानं मी वाचलो. तेच सांगाले आलो.

मानीबाई : अन् बाप?

रसेल : मुंडन केलेला फोटो मी त्याले धाडला. ज्या केसापायी घरात रोजची कटकट, ते केस नाही. बाप पहिलेच टकला होता. त्याची चिठ्ठी आली, दोन ओळीची. डोक्यानं तू माह्यावरच गेला. घरी ये. मी गेलो. अकरा वर्सं आम्ही एका टेबलावर जेवलो. मरताना माहा हात त्याच्या हातात होता. हे सगळं तुमच्या तांड्यानं मले देल्लं. मी त्याचे उपकार कसे सांगू, मले शब्द येत नाही.

मानीबाई : उपकार कायचे रे? घरात मयत होतंच. आमचं फक्त नाव चुकलं.

रसेल : मंग तुमी रागावल्या नाही?

मानीबाई : रागावलो न! ते लेकरू तिकडं उपाशी बसलं अन् त्याच्या वाट्याचं बत्तीस वर्सं दुसऱ्याले गेलं. नाव सांग त्याचं.

रसेल : बापाचं?

मानीबाई : बापाचं पाठ हाय मले. ते बी घेईन, आता तो खरंच मेला न. भावाचं सांग.

रसेल : डॅनी.

मानीबाई : ममता, तू बी ध्यानात ठेव वं. माह्या मागं दिवाळीले हे नाव तुलेच घ्या लागन. दानीसिंग.