सगळ्यात बुटक्याची उंची

दिल्लीत मराठी बोलणाऱ्यांना वाटतं, आजूबाजूची माणसं बहिरीच आहेत. चांदणी चौकातल्या कॅमेऱ्याच्या दुकानात माझ्यापुढे एक नवरा-बायको होते. पक्षी बघायच्या मोठ्या दुर्बिणीसाठी त्यांना ट्रायपॉड घ्यायचा होता.

"हाच घेऊ. उंच आहे, दणकट आहे."

"अहो, दुर्बीण तुमच्या कपाळाच्या वर जाईल. टाचा उचलून बदकं बघणार?"

"सुनंदा, मी एकटा थोडाच बघतो? ग्रुपमधले सगळे बघतात."

"सगळे म्हणजे शांतारामभावजी? ते तर तुमच्याहून ठेंगणे."

"इतरही असतात."

"उंच एकच आहे. तुमच्या ऑफिसातली मीनाक्षी."

"तिची कंबर दुखते गं. सारखं वाकावं लागतं बिचारीला."

"माझी कंबर दुखते, ते दिसलं का कधी?"

"तू कुठे येतेस तळ्यावर?"

"बोलावलंत कधी?"

नवरा ट्रायपॉडच्या पायांशी चाळा करत राहिला. बायको दुकानदाराकडे वळली.

"भैया, चार लोग देखें तो ऊंचाई किसकी रखते हैं?"

"सबसे छोटे की, मैडम. बाकी झुक जाते हैं."

"ऐकलंत? मी उभी राहते. घ्या खाली. अजून. हं, बस्."

"अगं, इतक्या खाली मलाही वाकावं लागेल!"

"वाका की. तिलाही वाकू दे. रविवारी किती वाजता निघायचं?"

"...पाचला."

तो ट्रायपॉडचे पाय आवळायला लागला. मला राहवेना.

"घट्ट आवळा हो," मी म्हटलं, "परत वर जायला नको."