साठ दिवसांची हजेरी

हसू? मायक्रोस्कोपात बघताना हसतं का कुणी, दादा? तोंड वर, नजर तुमच्या कॅमेऱ्याकडे, हात या चाकावर आणि चेहऱ्यावर समाधान — म्हणजे मी नक्की करतेय काय? फोटो बघून कुणालाही वाटेल, बाई मायक्रोस्कोप विकायला बसलीय. बरं, हसते. पण मोठ्या मॅडम आल्याशिवाय तुम्ही बटण दाबणार नाही ना — छावणीच्या साहेबांच्या पत्नी, हे बायकांचं केंद्र त्याच चालवतात, त्या मागे उभ्या राहणार, माझ्या खांद्यावर हात ठेवून — मग आत्तापासून गाल कशाला दुखवून घेऊ? आणि कोट आणखी आवळू नका. पाठीला कपडे वाळत घालायचे चार चिमटे लावलेत तुम्ही, मला कळतंय. हा कोट दातांच्या डॉक्टरांचा, ते सहा फूट उंच. मायक्रोस्कोप हॉस्पिटलचा, एक वाजेपर्यंत परत द्यायचाय. टेबल शिवणवर्गाचं. माझं स्वतःचं म्हणाल तर ही मांडीवरची पोरगी, आणि नेमकी तीच तेवढी फोटोत नकोय तुम्हाला.

भिंगरी, हात लावू नको गं बाळा, काचेला डाग पडतो. भिंगरीच म्हणतो आम्ही हिला, एका जागी ठरत नाही — ठरणार कशी, दोन वर्षांत तीन क्वार्टरं झाली तिची. काय म्हणालात? नाही, रागावले नाहीये. मला किळस आलीय, हा शब्द बरोबर आहे. गंमत बघा, मी लॅब टेक्निशियन. लग्नाआधी तीन वर्षं लोकांचं रक्त, थुंकी, लघवी, डबीतली शी — सकाळी आठला डब्यांची रांग लागलेली असायची, त्या सगळ्या तपासून, हात धुऊन मी निवांत जेवायला बसायचे. कधी काही वाटलं नाही. आणि आज या झाडून पुसून लख्ख केलेल्या खोलीत, खिडकीला नवे पडदे, टेबलावर फुलदाणी — मला बसवत नाही.

तुम्ही म्हणाल, सैनिकांच्या बायकांना फुकट शिकवतात तरी हिचं नाक वरच. मलाही तसंच वाटतं, रोज वाटतं. पण ऐका तरी. पहिल्या छावणीत शिवण शिकले, दुसरीत मेणबत्त्या, तिसरीत केकवरची फुलं. शिवणात बाहीपर्यंत पोचलो आणि नवऱ्याची बदली झाली, म्हणून मला फक्त बिनबाह्यांचं येतं. शिकवणाऱ्या बायका चांगल्या होत्या, खोटं कशाला बोलू — पण मी विचारायचे, लॅबचं काही आहे का हो, तर म्हणायच्या, ‘मिस्टरांचा हुद्दा काय?’ आता हुद्द्याचा आणि लघवीच्या तपासणीचा संबंध काय? पण अर्जात तो रकाना पहिला. माझं शिक्षण सातव्या नंबरावर, आणि त्याला जागा बोटभर. आणि आम्हा टेक्निशियनांच्या नोंदणीचा नियम असा की सलग पाच वर्षं काम केलं नाही तर नोंदणी रद्द, पुन्हा पहिल्यापासून दोन वर्षं शिका. नाहीतर साठ दिवसांच्या पुनर्प्रशिक्षणाचा दाखला दाखवा. माझी पाच वर्षं पुढच्या महिन्यात भरतात — बदल्या, बाळंतपण, हिची कानदुखी, कशी गेली विचारू नका. म्हणून बाहेर तो कागद लागला ना, ‘लॅबच्या कामाचं पुनर्प्रशिक्षण, सैनिकपत्नींसाठी दहा जागा’, तेव्हा मी तिथेच रडले, हिला कडेवर घेऊन. पहाऱ्यावरचा म्हणाला, ‘ताई, घरून वाईट बातमी आली का?’

चार दिवस झाला तो वर्ग. साठातले चार. हॉस्पिटलच्या लॅबमधले काका यायचे शिकवायला, मन लावून शिकवायचे, पाचव्या दिवशी त्यांना तिकडे परत बोलावून घेतलं, माणसं कमी म्हणून. सहाव्या दिवशी मॅडम म्हणाल्या, ‘वेळ वाया नको घालवायला,’ आणि खोक्यातून मेण काढलं. मेणबत्त्या, दादा. पुन्हा. लॅबच्या चंचुपात्रात वितळवलं मेण — ते बघा तिथे खिडकीत, अजून निघालेलं नाही. बाकीच्या नऊजणींचं काय, त्यातल्या बऱ्याच मॅडमनी सांगितलं म्हणून आल्या होत्या, त्यांचा वेळ छान गेला. हजेरी? हजेरी भरली ना. साठच्या साठ दिवसांची. एका हाताची दिसू नये म्हणून तीन पेनं वापरली, त्यातलं एक फिकट. मधे मधे गैरहजरही लावलं, रोज सगळ्या हजर असतात का कुठे? स्वतःला चार दिवस लावले — भिंगरीला ताप आला असं मनात धरून, सलग चार, म्हणजे खरं वाटतं. अक्षर चांगलं आहे माझं, मॅडम म्हणाल्या, ‘तूच कर.’ आणि मी नाही म्हटलं नाही. नको म्हणायला तोंड उघडलं आणि ‘निळी शाई चालेल का’ असं विचारलं. हे मी तुम्हाला का सांगतेय? तुम्ही तुमचा दिवा सरळ करा, भिंतीवर सावली पडतेय.

परवा दाखला मिळाला. दोन्ही हातांनी घेतला, थँक्यू मॅडम म्हटलं. नोंदणी वाचली. आणि सोमवारपासून इथल्या छावणीच्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रुजू व्हायचंय, कारण काकांची बदली झालीय — त्यांच्या जागी मी, एकटी. नवऱ्याला फोनवर म्हटलं, मला भीती वाटतेय रे. तर म्हणाला, ‘अगं, एकदा शिकलेलं कुठे जातंय? दोन दिवसांत हात बसेल.’ मला विचारायचं होतं, तू पाच वर्षं बंदूक हातात धरली नसतीस तर तुला पहिल्याच दिवशी एकट्याला चौकीवर उभं केलं असतं का? नाही विचारलं. तो लांब आहे, फोन पाच मिनिटं, त्यातली तीन हिच्या ‘बाबा, बाबा’त जातात. आणि खरं सांगू — त्यानं तेच म्हणावं अशी माझी इच्छा होती.

आज सकाळी मायक्रोस्कोप आला, त्याच्याबरोबर काकांनी रक्ताची एक स्लाइड पाठवली, फोटो खरा वाटावा म्हणून. तुम्ही यायचे होतात. मी लावली. फोकस हातानं आपोआप जमला, पांढऱ्या पेशी ओळखल्या, म्हटलं चला, आहे अजून. मग एका तांबड्या पेशीत एक ठिपका दिसला. बारीक, जांभळा, भोवती अर्धवट कडं. पेशीत अशी अंगठी दिसली की मलेरिया. पण स्लाइड नीट धुतली नसेल तर रंगाचा कण पेशीवर बसतो आणि तोही अस्साच दिसतो. आमचे सर सांगायचे, चाक किंचित फिरवा, कण वर तरंगेल, जंतू पेशीबरोबर राहील. फिरवलं. वीस मिनिटं फिरवलं, दादा. पूर्वी अर्ध्या मिनिटात सांगायचे, आज मला नाही कळलं. शेवटी छापा-काटा करावा तसं ठरवलं — कण. का? तर भिंगरी रडायला लागली होती. तीन पेनांची मला लाज वाटते, पण किळस आली ती तेव्हा. एवढं सोपं वाटलं ते, ‘कण’ म्हणून उठणं.

घ्या ना फोन, माझ्यासाठी थांबू नका. — बायको? तिला काय झालं? ताप? किती दिवस? चार. थंडी वाजून येतो का? रोज, की दिवसाआड? आणि कितवा महिना आहे म्हणालात — सातवा. रक्त तपासलं? नाही. सोमवारी तपासणार. कुठल्या हॉस्पिटलात, दादा?

इथे.

गाडीचा आवाज आला, मॅडम आल्या. इकडे बघा, पटकन ऐका. सोमवारपर्यंत थांबू नका. हे झालं की तसेच घरी जा आणि आजच्या आज तिला न्या — दुसरीकडे न्या, लांब पडलं तरी चालेल, पण इथे नाही. का म्हणून विचारू नका, आत्ता एवढं सगळं ऐकलंत ना. आणि मॅडमना काही म्हणू नका, माझी नोंदणी जाईल. — या ना मॅडम. हो, तयार आहे. नाही हो, काही नाही, कसं बसायचं ते दादा सांगत होते. भिंगरी, जा बाळा, तिकडे चटईवर बस. — हं. हसले मी. काढा आता.